दुःख घोटाघोटाने : घरातल्या मृत्यूनंतर मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी थेरपी काय करते

वडील गेल्याचं कळल्यावर सहा वर्षांची मुलगी दहा मिनिटं रडते आणि मग विचारते, "मी खाली खेळायला जाऊ?" भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "लहान आहे, तिला काय कळतंय." तिला कळलेलं असतं. एका वेळी पेलेल तेवढं दुःख घेऊन ती बाहेर आलेली असते. रात्री शेजारची रिकामी उशी दिसली की ती पुन्हा त्यात शिरेल, पुन्हा बाहेर येईल. लहान मुलांचा शोक असाच तुकड्यातुकड्यांनी, महिनोन् महिने चालतो.

मोठ्यांचंही फार वेगळं नसतं, फक्त ते दिसत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये असं मांडलं, की शोकातलं माणूस दोन बाजूंमध्ये झोके घेत असतं. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, रडू, फोटो, आठवणी. दुसऱ्या बाजूला त्याच्याशिवाय उभं राहायची कामं : २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, बँकेतलं खातं, तलाठ्याकडे वारसनोंद, मुलांची फी, आजवर कधीच न केलेला स्वयंपाक. दोन्ही बाजू शोकाच्याच. सकाळी कोरड्या डोळ्यांनी अर्ज भरणारी बाई दुपारी नवऱ्याचा शर्ट घडी करताना कोसळते, तेव्हा तिचं काही बिघडलेलं नसतं. काळजी करायची ती झोका थांबला तर. कुणी वर्षभर नुसतं कामात बुडून राहतं आणि गेलेल्याचं नावही काढू देत नाही, तर कुणी फोटोसमोरून उठतच नाही. शोकावरच्या थेरपीचं काम म्हणजे हा अडकलेला झोका पुन्हा हलता करणं आणि प्रत्येक घोट गिळता येईल एवढाच ठेवणं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नकार, राग, देवाशी घासाघीस, नैराश्य आणि मग स्वीकार हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. प्रत्येकाला या पाच पायऱ्या याच क्रमाने चढाव्या लागतात याला पुरावा नाही. "मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काही चुकतंय का?" या प्रश्नाने कितीतरी माणसं विनाकारण कुढतात. विल्यम वर्डेन यांनी १९८२ मध्ये टप्प्यांऐवजी कामं सांगितली, ती प्रत्यक्षात जास्त उपयोगी पडतात. मृत्यू खरा आहे हे मनाला पटणं, दुःख सोसणं, त्या माणसाशिवायच्या रोजच्या जगाला सरावणं, आणि त्याच्याशी असलेलं नातं मनात ठेवून पुढे जगत राहणं. यातलं शेवटचं काम महत्त्वाचं, कारण "विसरून जा" हा सल्ला थेरपीत कुठेच बसत नाही.

मुलाला काय सांगायचं

मूल थेरपीला येतं तेव्हा घरच्यांना आधी विचारतात, "त्याला आतापर्यंत काय सांगितलंय?" बराचसा गुंता या उत्तरातच सापडतो.

"देवाघरी गेले" ऐकलेलं पाच वर्षांचं मूल देव्हाऱ्यासमोर बसून बाबांना परत पाठव म्हणतं, नाहीतर देवावर रुसतं. "झोपलेत" ऐकलेलं मूल स्वतः झोपायला घाबरतं आणि रात्रीतून चारदा आईला हलवून बघतं. "गावाला गेलेत" ऐकलेलं वाट बघत बसतं, आणि खरं कळलं की जिवंत माणसांवरचाही त्याचा विश्वास उडतो. "चांगली माणसं देवाला आवडतात" यातून मूल सरळ अर्थ काढतं, की चांगलं वागलं तर आपल्यालाही नेतील. श्रद्धाळू घराने देवाचं नाव घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त आधी शरीराचं खरं सांगावं, देव त्यानंतर.

सांगायचं कुणी? मुलाच्या सगळ्यात जवळच्या, हयात असलेल्या मोठ्या माणसाने. कधी? शेजारचं पोर किंवा कुणाचा फोनवरचा आवाज सांगायच्या आत. गर्दीतून बाजूला, त्याच्या उंचीला खाली बसून, हात हातात घेऊन. शब्द साधारण असे :

"बाळा, तुला एक फार वाईट गोष्ट सांगायची आहे. सकाळी बाबांच्या गाडीला मोठा अपघात झाला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबांच्या शरीराला इतकं लागलं होतं, की ते बंद पडलं. बाबा मेले. मेलेलं माणूस परत येत नाही. मलाही खूप रडू येतंय. तुला मी सांभाळणार आहे."

"मेले" हा शब्द माणसाबद्दल उच्चारायला आपल्याला जड जातं, उद्धट वाटतं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला "वारले", "निवर्तले" यांचा अर्थ माहीत नसतो. मेलेली मुंगी मात्र त्याने पाहिलेली असते. म्हणून हा शब्द एकदा स्पष्ट वापरावा आणि मग घरात बोलतात तसं "गेले" म्हणावं.

यानंतर गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड असतं. मूल उठून खेळायला गेलं तर जाऊ द्यावं. तोच प्रश्न ते वीस वेळा विचारेल, तेव्हा वीसही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावं, कारण शब्द बदलले की मुलाला वाटतं हकिगतही बदलली.

मूल तोंडाने विचारो न विचारो, तीन प्रश्न त्याच्या मनात असतातच. माझ्यामुळे झालं का? तूपण मरशील का? मला कोण बघेल? पहिल्याचं उत्तर न विचारताच द्यावं. "तू बाबांवर रागावला होतास, मनात वाईट आणलं होतंस, म्हणून माणूस मरत नाही." दुसऱ्यावर "मी कधीच मरणार नाही" असं वचन देऊ नये, मूल ते पारखून घेतं. "मी तब्येत सांभाळते, मी खूप वर्षं जगेन असं मला वाटतं. आणि मला काही झालं तर मावशी आणि आजी आहेत," हे खरं आहे आणि पुरेसं आहे. मृत्यू आजाराने झाला असेल तर आजाराचं नाव सांगावं. नुसतं "आजारी होते" म्हटलं तर पुढच्या सर्दीतापाला मूल हादरतं.

आत्महत्येनंतर घर सगळ्यात जास्त लपवतं, आणि मुलाला ते शाळेतून, गावातून, बातमीतून कळतंच. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी बाप गेलेल्या घरांत तर पंचनामा आणि भेटायला येणारे पुढारी यांच्यातून मूल तुकडे जुळवत असतं. कशी केली याचा तपशील न देता सांगता येतं. "बाबांचं मन खूप आजारी झालं होतं. त्यांना दुसरा रस्ताच दिसेना, म्हणून त्यांनी स्वतःचा जीव घेतला. आपण कुणीही त्याला कारण नाही. मनाच्या आजारावर मदत मिळते, तुला कधी तसं वाटलं तर मला सांगायचं."

स्मशान, दहावा, कावळा

मृत्यू पुरता समजणं म्हणजे चार गोष्टी कळणं : मेलेलं परत येत नाही, शरीराचं सगळं काम थांबतं, प्रत्येक जिवाला मरण आहे, आणि त्याला शरीरातलं कारण असतं. बहुतेक मुलांना हे पाच ते सातच्या दरम्यान हळूहळू उमगतं. शरीराचं काम थांबतं हे न कळलेल्या मुलासमोर चिता पेटली, तर त्याच्यासाठी बाबा जिवंत जळत असतात. म्हणून निघण्याआधी सांगावं, "आता बाबांच्या शरीराला दुखत नाही, गरम लागत नाही, थंडी वाजत नाही." तिथे काय काय दिसेल तेही सांगावं : तिरडी, लाकडं, आग, रडणारी माणसं. मग विचारावं, यायचं का. "हो" म्हणालं तर त्याच्यासाठी एक मोठं माणूस नेमावं, ज्याला दुसरं काहीच काम नसेल आणि जे मुलाने म्हणताच त्याला घेऊन परत येईल. "नको" म्हणालं तर घरीच अंगावर फूल ठेवू द्यावं, चिठ्ठी लिहू द्यावी. बळजबरी आणि वगळणं, दोन्हींचे वळ राहतात.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला अग्नी द्यायला लावताना तर हे आणखीच लागू. खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं, ते मागे टाकायचं, डोकं भादरायचं, हे त्याला आदल्या तासाभरात एकदा शांतपणे सांगितलेलं असावं. "तू आता घरातला कर्ता पुरुष" हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारू नये. तीच मुलं पुढे आईसमोर रडणं बंद करतात.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, की मोठी माणसं म्हणू लागतात, "काहीतरी इच्छा राहिली असेल." कोपऱ्यात उभं असलेलं मूल मनात यादी करतं : मी गृहपाठ केला नव्हता, मी बाबांना पाणी दिलं नव्हतं. त्याला जवळ घेऊन त्याच वेळी सांगावं, "कावळा घाबरला की येत नाही. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत." तसंच नैवेद्याचं. "बाबा जेवायला येणार?" याला उत्तर : "शरीराला आता भूक नसते. त्यांना आवडायचं ते करून आपण त्यांची आठवण काढतो." विधी मुलांना उपयोगीच पडतात. त्यांना निरोप देताना हाताने करायला काहीतरी मिळतं. फक्त प्रत्येक विधीला एक समजावणारं वाक्य जोडावं लागतं.

मुलाची थेरपी कशी चालते

सगळ्या मुलांना थेरपी लागत नाही. नियमित दिनक्रम, खरं बोलणारं एक माणूस आणि शाळेत एक जाणती बाई किंवा सर, एवढ्यावर बहुतेक मुलं सावरतात. पहिले काही महिने पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, अभ्यासात मागे पडणं हे अपेक्षित आहे. ते सहा महिन्यांनंतरही ओसरत नसेल, मूल खेळणं सोडून देत असेल, मृत्यूचा प्रसंग पुन्हा पुन्हा तसाच खेळत असेल, किंवा "मला बाबांकडे जायचंय" म्हणत असेल तर थांबू नये. हे शेवटचं वाक्य ऐकलं तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी विचारायचं : "म्हणजे तुला मरावंसं वाटतंय, की बाबांना भेटावंसं वाटतंय?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट तो आधीच असेल तर बाहेर येतो.

साधारण १२ ते १६ भेटी, आठवड्याला एक, ४५-५० मिनिटांची. त्यातला काही वेळ सांभाळणाऱ्या माणसाचा. सुरुवातीला भावनांना नावं आणि ० ते १० चा तापमापक : "आज दुःख कितीवर आहे? कुठे जाणवतं?" मग शरीर शांत करायला श्वास, ताणून सैल सोडणं. त्यानंतर गोष्टीकडे वळायचं, चित्रांतून, मातीतून, बाहुल्यांतून.

मृत्यू भयानक रीतीने झाला असेल तर क्रम पाळावाच लागतो. अशा मुलाला "बाबांची छान आठवण सांग" म्हटलं, की त्याचं मन थेट रक्तापाशी जातं, म्हणून ते बाबांची प्रत्येक आठवण टाळतं. आधी त्या प्रसंगाची हकिगत थोडी थोडी करून, अनेक भेटींत सांगवून बोथट करावी लागते. मगच शोकाचं काम सुरू होतं. घाई करणारे समुपदेशक नेमके इथेच चुकतात.

शोकाच्या भागात दोन फुग्यांचं चित्र काढतात. एक सुटलेला फुगा : त्यात जे आता होणार नाही ते लिहायचं, बाबांच्या मागे बसून शाळेत जाणं, रविवारचं क्रिकेट. दुसऱ्याची दोरी हातात : त्यात जे उरलंय ते, त्यांनी शिकवलेली शीळ, नाक, आडनाव, खिचडीवर लिंबू पिळायची सवय. पहिला फुगा भरल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, नाहीतर मुलाला वाटतं आपल्याला गप्प करताहेत. आठवणींची पेटीही करतात. त्यात न धुतलेला रुमाल, चष्मा, बसचा पास. वास लवकर उडतो, म्हणून कापड हवाबंद पिशवीत ठेवावं.

मुलाच्या थेरपीचा जास्त परिणाम बऱ्याचदा मोठ्यांवरच्या कामातून येतो. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात इरविन सँडलर आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या कार्यक्रमात मुलांचा आणि पालकांचा गट शेजारी शेजारी चालतो, १२ बैठका. पालकांना तिथे शिकवतात ते साधंच : ऐकून घेणं, शिस्त चालू ठेवणं, मुलासाठी वेळ राखणं. फरक कित्येक वर्षांनंतरही टिकलेला दिसला. घरी करायचं तर रोज १५ मिनिटं, फोन बाजूला ठेवून, मूल म्हणेल तो खेळ. झोपेची आणि जेवणाची वेळ पहिल्या आठवड्यातच जागेवर आणावी. "बिचाऱ्याचा बाप गेलाय" म्हणून नियम सैल केले तर त्याला जग आणखी डळमळीत वाटतं. मामाकडे पाठवायचं असेल तर थोड्या दिवसांसाठी आणि परत कधी आणणार ती तारीख सांगून.

शाळेला एक फोन करावा. मूल परत यायच्या आदल्या दिवशी वर्गाला सांगितलेलं असावं, आणि रडू आलं तर न विचारता वर्गाबाहेर जायची त्याला मुभा असावी. "माझे बाबा" हा निबंध येणार असेल तर बाईंनी आधी मुलाशी बोलून घ्यावं. काहींना लिहायचाच असतो.

मोठ्यांचा अडकलेला शोक

दीर्घकाळ रेंगाळलेला शोक हे आता मान्य निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या ११ व्या वर्गवारीत त्याला किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या मार्च २०२२ च्या निकषांत मोठ्यांना १२ महिने, मुलांना सहा. जवळजवळ रोज, निदान महिनाभर तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचे विचार, आणि सोबत आठपैकी तीन खुणा : आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वासच न बसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र वेदना, माणसांत मिसळता न येणं, बधिरपणा, जगणं निरर्थक वाटणं, टोकाचं एकटेपण. नैसर्गिक मृत्यूनंतर सुमारे दहातल्या एका प्रौढाच्या बाबतीत असं होतं. उरलेल्या नऊ जणांना सरसकट समुपदेशन देऊन फारसा फायदा दिसत नाही. त्यांना माणसं हवी असतात.

अडकलेल्यांसाठी कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी १६ भेटींची पद्धत बांधली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्क्यांना फायदा झाला, तर शेजारी तपासलेल्या परस्परसंबंध-थेरपीने, म्हणजे माणसांशी असलेल्या नात्यांवर काम करणाऱ्या थेरपीने, २८ टक्क्यांना. सुरुवातीच्या भेटींत एक वही सुरू होते : रोज दुःख सर्वांत जास्त कधी आणि किती होतं, सर्वांत कमी कधी. दोनच आठवड्यांत माणसाला दिसतं, की दुःख दिवसभर एकाच पातळीवर नसतं. याच काळात स्वतःसाठी एक इच्छाही ठरवतात, अगदी छोटी, पण आपलीच. तिसऱ्या भेटीला जवळचं एक माणूस सोबत बोलावतात.

चौथ्या भेटीपासून मधला, कठीण भाग. डोळे मिटून, मृत्यूची बातमी कळली तो क्षण वर्तमानकाळात सांगायचा : "फोन वाजतोय. दीर बोलताहेत." काही मिनिटंच. थेरपिस्ट मधेमधे विचारतो, आता दुःख किती? सांगून झालं, की ती हकिगत मनात बंद करून बाजूला ठेवायची आणि तिच्यावर बोलायचं. बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं असतं, ते घरी ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर मुद्दाम काहीतरी सुखाचं करायचं, मोगऱ्याला पाणी, बहिणीला फोन. शेवटचा हा भाग वगळला तर उघडलेली जखम उघडीच राहते. सोबत टाळलेल्या जागा पायरीपायरीने गाठायच्या : आधी त्या दवाखान्याचा रस्ता, मग फाटक, मग आत. उत्तरार्धात गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायचं, आणि त्याचं उत्तरही आपणच द्यायचं. अपराधी भाव बऱ्याचदा तिथे सुटतो.

आपल्याकडे यात एक जास्तीचा पदर असतो. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवातली जागा जाते. ती दुसरी जखम माणसांनी केलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग धरायला सांगितलं. थेरपिस्टने हे नुकसान वेगळं विचारावं. नवऱ्यासाठीचं रडू आणि अपमानाचं रडू एकत्र धरलं तर दोन्ही तसेच राहतात.

गोळ्यांबद्दल. दहाव्यापर्यंत "झोपेची गोळी" देऊन माणसाला गुंगीत ठेवायची पद्धत घातक आहे. शोकावर उपाय म्हणून बेन्झोडायझेपिन गटाची, म्हणजे झोप आणणारी, मन शांत करणारी औषधं देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं. नैराश्य असेल तर नैराश्यावरची औषधं लागतात, पण २०१६ च्या शिअर यांच्या अभ्यासात सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध जोडल्याने नुसत्या थेरपीच्या तुलनेत शोक आणखी हलका झाला नाही, नैराश्याच्या खुणा मात्र कमी झाल्या. आधीपासून चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये.

कुणाकडे जायचं

औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात. थेरपीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा शोकाच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक. पहिल्या फोनवरच विचारावं : घरात मृत्यू झालेल्या मुलांबरोबर काम केलंय का? मलाही भेटणार का? साधारण किती भेटी? "सगळं विसरायला लावू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. मनाच्या त्रासासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलतो. मूल संकटात असेल तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिची माहिती जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळते. फीची चिंता हटली की शोकाला जागा होते.

थेरपी संपवताना शेवटच्या दोन भेटींत कॅलेंडर काढून बसतात. पहिली दिवाळी, वाढदिवस, पितृपक्ष, वर्षश्राद्ध यांवर खूण करायची आणि त्या दिवशी कोण सोबत असेल, काय करायचं, काय नाही करायचं, ते लिहायचं. मुलाच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षांचीही नोंद असते, कारण सहाव्या वर्षी ऐकलेली हकिगत ते बाराव्या वर्षी नव्याने विचारतं, आणि दहावीच्या निकालादिवशी पुन्हा. तेव्हा जुनेच शब्द काढावे, आता पेलेल तेवढा तपशील वाढवावा, गरज वाटली तर दोन-तीन भेटींसाठी परत जावं. आठवणींची पेटी तोवर माळ्यावर टाकू नये. मुलाचा हात पोचेल अशा खणात असावी.